वाचक विचारतात : गोठा, बिबट्या आणि पंचनामा

बिबट्या, वाघ आणि लांडगा यांच्यामुळे होणाऱ्या पशुधनाच्या हानीविषयी आलेली पत्रे इतकी साचली, की या अंकातील सदर आम्ही केवळ याच विषयासाठी राखून ठेवले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे जाणूनबुजून वगळली आहेत.

प्रश्न : घरामागच्या पत्र्याच्या छपरात बांधलेल्या चार शेळ्यांपैकी दोन बिबट्याने रात्री मारल्या. एक जागीच पडली, दुसरी उसात ओढून नेली. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून आम्ही मेलेली शेळी सकाळीच पुरून टाकली आणि सवड मिळाली तेव्हा, म्हणजे तिसऱ्या दिवशी, वन कार्यालयात गेलो. तेथे ‘आता काही होणार नाही’ असे तोंडी सांगण्यात आले. हे बरोबर आहे का? (शिरूर तालुका, जि. पुणे)

उत्तर : आपल्या पत्रात दोन गोष्टी अशा आहेत, की ज्यांमुळे दावा अडचणीत येतो. पहिली, शेळी पुरून टाकली ही. आणि दुसरी, कळवायला उशीर झाला ही. हिंस्र प्राण्याने जनावर मारल्यास मालकाने ४८ तासांच्या आत जवळच्या वनरक्षकाला, वनपालाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवावे आणि पंचनामा होईपर्यंत मृत जनावर जागेवरून हलवू नये, असा नियम आहे. या अटी कागदोपत्री आडमुठेपणाच्या वाटल्या तरी त्यांमागे कारण आहे : जनावर कशाने मेले हे ठरवण्याचा बहुतेक पुरावा त्याच्या गळ्यावर आणि त्याच्याभोवतीच्या मातीत असतो, आणि पुरलेल्या शेळीबरोबर तोही पुरला जातो.

तरीही तोंडी नकार ऐकून परत येऊ नये. नुकसानभरपाईचा अर्ज लेखी द्यावा, त्यावर पोच घ्यावी, सरपंचांचे किंवा पोलीस पाटलांचे पत्र, मोबाइलवर काढलेली छायाचित्रे, ओढत नेल्याच्या खुणा पाहणाऱ्यांचे जबाब, जे काही असेल ते जोडावे. उसात ओढून नेलेल्या शेळीचे अवशेष अजून तेथे असतील तर ते वन कर्मचाऱ्याला सोबत घेऊन शोधावेत, एकट्याने उसात शिरू नये. पशुधनहानीची भरपाई ही लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित झालेली सेवा आहे, त्यामुळे नाकारलेल्या किंवा रखडलेल्या अर्जावर प्रथम आणि द्वितीय अपील करता येते. तोंडी नकारावर मात्र अपील करता येत नाही, म्हणून लेखी उत्तर मागणे महत्त्वाचे.

पुढच्या वेळेसाठी, ती न येवो, क्रम असा ठेवावा. सकाळी नुकसान दिसताच कोणालाही जवळ फिरू न देता १९२६ या वन विभागाच्या मदत क्रमांकावर फोन करावा आणि स्थानिक वनरक्षकालाही कळवावे. जनावराचे छायाचित्र काढताना गळ्यावरील जखम, कानातील बिल्ला आणि आजूबाजूची जागा ही तिन्ही स्वतंत्रपणे घ्यावीत. पंचनाम्याच्या वेळी पंच हजर असतात आणि जनावराची किंमत व मृत्यूचे कारण याविषयी पशुधन विकास अधिकाऱ्यांचा अभिप्राय लागतो, म्हणून गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यालाही त्याच सकाळी निरोप द्यावा. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो वाचून घ्यावा. ‘शेळी, १ नग’ एवढेच लिहिलेले असेल आणि ती गाभण किंवा दुभती असेल, तर तसे लिहायला सांगावे, कारण बाजारभाव त्यावर ठरतो.

कानातील बिल्ल्याचा उल्लेख मुद्दाम केला. १ जून २०२४ पासून बारा अंकी बिल्ला नसलेल्या जनावराचा वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास भरपाई देय नाही, असे राज्य शासनाने ठरवले आहे. गाई-म्हशींना बिल्ले मारून घेतले जातात. शेळ्या-मेंढ्यांच्या बाबतीत मात्र ‘उद्या बघू’ असे म्हणत ते राहून जाते, आणि बिबट्या नेमका शेळीच नेतो.

रकमेबद्दल : ऑगस्ट २०२२ च्या शासन निर्णयानुसार गाय, म्हैस किंवा बैल मृत्युमुखी पडल्यास बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये यांपैकी कमी असलेली रक्कम मिळते. शेळी, मेंढी व इतर पशुधनासाठी हीच मर्यादा ७५ टक्के किंवा १५,००० रुपये अशी आहे. मोठे जनावर कायमचे अपंग झाल्यास बाजारभावाच्या निम्मी किंवा १५,००० रुपये यांपैकी कमी असलेली रक्कम मिळते, आणि जखमी जनावराच्या उपचारासाठी जास्तीत जास्त ५,००० रुपये. हे दर शासन वेळोवेळी बदलते, म्हणून अर्ज करताना त्या दिवशी लागू असलेला निर्णय विचारून घ्यावा.

आमचे मत विचाराल तर शेळीच्या बाबतीत ही रक्कम बऱ्यापैकी न्याय्य आहे, संकरित दुधाळ गाईच्या बाबतीत नाही. लाखाच्या घरात किंमत असलेली गाय गेल्यावर सत्तर हजार हातात येतात, आणि तोपर्यंत बुडालेले दूध कोणत्याच हिशेबात धरले जात नाही. अशा जनावराचा विमा उतरवणे हाच आज तरी व्यवहार्य मार्ग आहे. भरपाई उशिरा मिळते या तक्रारीवर मात्र कायद्यात उत्तर आहे. वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या हानीच्या भरपाईसाठी राज्याने २०२३ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला असून त्यात रक्कम ३० दिवसांत देण्याची आणि विलंब झाल्यास व्याज देण्याची तरतूद आहे. अर्जाची पोच तारखेसह घ्यावी असे जे आम्ही वारंवार सांगतो ते यासाठीच.

प्रश्न : आमच्या तीन मेंढ्या मेल्या. वनरक्षक म्हणतात की हे मोकाट कुत्र्यांचे काम आहे, आम्ही म्हणतो बिबट्याचे. खरे कसे ओळखायचे? (संगमनेर तालुका, जि. अहिल्यानगर)

उत्तर : बिबट्या बहुतेक वेळा गळा धरतो आणि श्वास कोंडून मारतो. त्यामुळे गळ्याखाली किंवा मानेवर सुळ्यांची मोजकी, खोल भोके दिसतात, बाहेर रक्त कमी सांडलेले असते आणि बाकीचे शरीर बरेचसे अखंड असते. खाण्याची सुरुवात तो सहसा छाती-पोटाकडून करतो, तर वाघ बहुधा मागच्या मांड्यांकडून. भक्ष्य आडोशाला ओढून नेणे ही बिबट्याची सवय असल्याने जमिनीवर फरफटल्याची एक सलग रेघ सापडते. कुत्र्यांच्या टोळीचे काम याच्या नेमके उलट दिसते : पायांना, कानांना, शेपटीला, कुशीला जागोजाग चावे, लोकर विखुरलेली, अनेक जनावरे जखमी आणि खाल्लेले फारच थोडे.

पायाचे ठसे मिळाले तर शंका उरत नाही. कुत्रा, लांडगा आणि कोल्हा यांच्या ठशांत बोटांपुढे नखांच्या खुणा उमटतात, तर बिबट्या चालताना नखे आत ओढून घेत असल्याने त्याच्या ठशात त्या नसतात आणि तळव्याच्या गादीच्या मागच्या कडेला तीन उंचवटे स्पष्ट दिसतात. असा ठसा दिसताच त्यावर घमेले पालथे घालून ठेवावे, म्हणजे पंचनाम्यापर्यंत तो टिकतो, आणि छायाचित्र काढताना शेजारी काडेपेटी ठेवावी, म्हणजे आकाराचा अंदाज येतो.

आपल्या प्रकरणात वाद आहे, म्हणून एक गोष्ट पशुवैद्यकांना आवर्जून करायला सांगावी. चाव्याच्या जागेची कातडी सोलून आतले मांस पाहावे. जिवंतपणी घेतलेल्या चाव्याखाली रक्त साकळून मोठा काळानिळा डाग पडलेला असतो. आधीच मेलेल्या मेंढीला नंतर कोणी तोंड लावले असेल, तर तसा डाग पडत नाही. आजाराने मेलेली मेंढी तरसाने किंवा कोल्ह्याने फाडली, असेही घडते, आणि त्या वेळी वनरक्षकाचा संशय अवाजवी नसतो.

येथे एक कटू गोष्ट लिहिणे भाग आहे. मोकाट कुत्र्यांनी मारलेल्या जनावराला वन विभागाकडून काही मिळत नाही, म्हणून ते बिबट्याच्या नावावर घालण्याचा मोह होतो. मेंढपाळाची अडचण आम्ही समजू शकतो, परंतु त्यामुळे खऱ्या बिबट्याने नुकसान केलेल्या शेजाऱ्याच्या अर्जाकडेही संशयाने पाहिले जाऊ लागते आणि कुत्र्यांचा बंदोबस्त करण्याची ज्यांची जबाबदारी आहे ते निवांत राहतात.

प्रश्न : आमच्या गावात आठवड्याआड शेळी किंवा कालवड जाते. तरी वन विभाग पिंजरा लावायला टाळाटाळ करतो. उलट बाहेरून पकडलेले बिबटे आणून आमच्याकडे सोडले जातात, असे सगळे म्हणतात. यावर काय करावे? (जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील तीन पत्रे)

उत्तर : आधी कायदा. बिबट्या वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. कलम ११ प्रमाणे या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात ती तो माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी वा रोगग्रस्त असेल तरच. पशुधन मारले, हे त्यासाठी पुरेसे कारण नाही. पकडण्यासाठीही त्यांचीच परवानगी लागते, आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०११ मध्ये बिबट्यांविषयी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांचा रोख असा आहे, की केवळ बिबट्या दिसला म्हणून पिंजरा लावू नये. म्हणजे वनाधिकाऱ्यांची टाळाटाळ दर वेळी आळसातून येत नाही.

आता त्यामागचे कारण, आणि ते आपल्याच तालुक्यात घडलेले आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वन विभागात बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. वन्यजीव अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कार्यक्रमाचा अभ्यास करून २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत जुन्नरमध्ये माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी या कार्यक्रमाआधी सुमारे ४ होती ती १७ वर गेल्याचे दिसले, आणि जेथे बिबटे सोडले त्या जंगलांच्या आसपासही हल्ले होऊ लागले. बिबट्या आपली हद्द राखून राहणारा प्राणी आहे. ओळखीच्या हद्दीतून उचलून अनोळखी मुलखात टाकलेला, पिंजऱ्यात दात-नखे दुखावलेला, माणसांच्या गराड्यात घाबरलेला बिबट्या शांतपणे तेथे नांदेल ही अपेक्षाच चुकीची होती. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वर येथील विहिरीतून काढलेल्या ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याला गळ्यात माग काढणारे यंत्र बसवून माळशेज घाटात सोडले, तेव्हा तो रेल्वेमार्ग, महामार्ग आणि वसईची खाडी ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. सोडलेल्या ठिकाणी तो राहिला नाही, एवढे तर यातून कळतेच.

‘बाहेरून आणून सोडतात’ या बोलण्याचे मूळही त्याच काळात आहे. बिबटे एका जागचे उचलून दुसऱ्या जागी सोडले जात होते हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले, आणि ते अजून विसरलेले नाहीत. मात्र आज आपल्या उसात दिसणारा बिबट्या बहुधा उसातच जन्मलेला असतो. बारा ते अठरा महिने उभे राहणारे पीक, पाटाचे पाणी, रानडुकरे, मोकाट कुत्री आणि गावाबाहेर टाकलेले कोंबडी-मटणाचे टाकाऊ अवशेष, एवढे सगळे असताना त्याला कोणी आणून सोडण्याची गरज उरत नाही. एक पकडून नेला तर त्याची मोकळी झालेली हद्द काही काळात दुसरा घेतो, आणि तो दुसरा बहुतेकदा तरणा, अननुभवी नर असतो. पकडलेल्याला ठेवायचे कोठे हा प्रश्न वेगळाच. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राची क्षमता मर्यादित आहे.

म्हणून पिंजरा लावूच नये, असे आम्ही म्हणत नाही. माणसावर हल्ला झाला असेल, बिबट्या घरात किंवा विहिरीत अडकला असेल, किंवा एकच जखमी प्राणी वस्तीत वारंवार शिरत असेल, तर पिंजरा हवाच आणि तो लवकर हवा. अशा वेळी दिरंगाई करणे अक्षम्य आहे. शेळी गेली म्हणून लावलेला पिंजरा मात्र बऱ्याचदा गावाच्या समाधानासाठी आणि पुढाऱ्यांच्या छायाचित्रासाठी असतो. त्यात कोणता बिबट्या अडकेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. तेवढाच आग्रह ग्रामसभेने बंदिस्त गोठ्यांच्या अनुदानासाठी आणि शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी यासाठी धरला, तर रात्री पाणी द्यायला उसात जाणाऱ्यांचे जीवही वाचतील आणि जनावरेही.

प्रश्न : बिबट्यापासून गोठा सुरक्षित करण्यासाठी नेमके काय करावे? आम्ही दिवा लावला, कुत्रा बांधला, तरी कुत्राच गेला. (निफाड तालुका, जि. नाशिक)

उत्तर : कुत्रा जाणे हे अपवादात्मक नाही. अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या विष्ठेच्या अभ्यासात त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव व गावातल्या प्राण्यांचा आढळला. त्यात कुत्रे एकटेच ३९ टक्के, मांजरे १५ टक्के आणि शेळ्या केवळ ११ टक्के होत्या. गंमत अशी, की त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सुमारे सातपट आहे. मग शेळ्या कमी का मरतात? कारण शेळी रात्री आत कोंडली जाते आणि कुत्रा मोकळा हिंडतो. जे हाती लागते ते बिबट्या खातो, एवढा साधा त्याचा हिशेब आहे, आणि गोठ्याचे सगळे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे. (त्याच अकोल्यातले आदिवासी अश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे इतरत्र वसुबारस असते त्याच दिवशी, वाघबारस पाळतात. गाय आणि वाघ यांची पूजा एकाच तिथीला करणाऱ्या त्या मंडळींच्या शेळ्या मात्र रात्री आतच असतात.)

बिबट्याला उंची अडवत नाही. सहा फुटांची भिंत तो सहज चढतो. त्यामुळे वरून उघडा असलेला, पण भोवताली जाळी लावलेला वाडा हा सर्वांत फसवा प्रकार. एकदा आत उडी पडली, की शेळ्यांना पळायला वाट नसते, त्या सैरावैरा धावतात आणि धावणारे प्रत्येक जनावर बिबट्याला पुन्हा झडप घालायला लावते. एका रात्रीत आठ-दहा शेळ्या मारून एकही न खाता गेल्याच्या ज्या हकीकती येतात, त्या बहुतेक अशा वाड्यांतल्या असतात. त्यात क्रौर्य शोधू नये. पळण्याची वाट बंद झाल्याने तसे होते.

छप्पर हवे, आणि भिंत व पत्रा यांच्यामधली हवेसाठी सोडलेली फट जाळीने बंद केलेली हवी. बिबट्याच्या शिरण्याच्या जागांमध्ये ही फट पहिल्या क्रमांकावर येते. जाळी जाड तारेची, वेल्डिंगची असावी, भोके पंजा आत न जाण्याइतकी लहान असावीत आणि खालची कड जमिनीत गाडलेली किंवा सिमेंटमध्ये बसवलेली असावी. कोंबड्यांची पातळ षटकोनी जाळी तो एका ओढीत फाडतो. दाराला दोरी न बांधता लोखंडी कडी-कोयंडा लावावा आणि दार बाहेरच्या बाजूने उघडणारे असावे, म्हणजे बाहेरून ढकलल्याने ते मोकळे होत नाही. गोठ्याला लागून ऊस, घास किंवा मका असेल तर मध्ये काही मीटरांचा पट्टा मोकळा ठेवावा. आडोशातून थेट झडप घालता येत नसेल तर बिबट्या बराच विचार करतो.

पैसे कमी असतील तर सगळ्या गोठ्याला जाळी लावण्याची गरज नाही. बिबट्याच्या मादीचे वजन तीस-चाळीस किलोंच्या आसपास असते, नर त्याहून मोठा असतो. पूर्ण वाढलेल्या गाई-म्हशींवर तो सहसा जात नाही. शेळ्या, मेंढ्या, वासरे आणि कालवडी यांच्यासाठी आत एक भक्कम खोली करावी, मोठी जनावरे तिच्यासमोर बांधावीत. वासरू आईजवळ राहावे म्हणून बाहेर बांधण्याची पद्धत उसाच्या पट्ट्यात तरी सोडून द्यावी. कुत्रा पाळायचा असेल तर रात्री तोही आत. साखळीने खांबाला बांधलेला कुत्रा राखण करत नाही, तो आमिष होतो.

दिव्याबद्दल थोडे. प्रकाश, फटाके, लुकलुकणारे दिवे, रेडिओ यांचा परिणाम काही रात्री होतो. नंतर बिबट्या त्यांना सरावतो. दिवा आपल्यासाठी असतो, म्हणजे रात्री दार उघडण्यापूर्वी बाहेर काय आहे ते आपल्याला दिसते. तेवढ्यासाठी तो लावावा.

प्रश्न : आम्ही मेंढपाळ. पारनेरच्या माळावर लांडगा दिवसाढवळ्या कोकरू उचलतो. दिवाळीनंतर आम्ही मेंढ्या घेऊन कोकणात उतरतो, वाटेत नुकसान झाले तर दाद कोणाकडे मागायची? शिवाय लांडग्याने चावलेली एक मेंढी जगली आहे, तिचे काय करावे? (पारनेर तालुका, जि. अहिल्यानगर)

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो घाईचा आहे. लांडगा, कोल्हा आणि कुत्रा यांच्या चाव्यातून रेबीज होऊ शकतो. जखम तत्काळ साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, धुताना हातात मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालावी, हळद-चुना-मिरची काहीही भरू नये आणि पशुवैद्यकांकडून रेबीजविरोधी लसीचा क्रम सुरू करून घ्यावा. मेंढी काही दिवस वेगळी बांधावी आणि तिचे दूध कच्चे पिऊ नये. लाळ गळणे, मागचे पाय लटपटणे किंवा आवाज बदलणे यांपैकी काही दिसल्यास तिच्या तोंडात हात घालू नये, आणि ज्यांनी तसा हात घातला असेल त्यांनी त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे.

दाद ज्या हद्दीत नुकसान झाले तेथील वनपरिक्षेत्र कार्यालयात मागायची असते, आपल्या गावच्या कार्यालयात नाही. लांडगा भरपाईच्या यादीत आहे. फिरत्या मेंढपाळाची खरी अडचण अशी, की पंचनाम्यासाठी एक दिवस थांबायचे तर पुढच्या शेतकऱ्याशी त्याच्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवण्याचा झालेला करार मोडतो. म्हणून कळपातील एका जाणत्या माणसाने मागे राहावे आणि आधार, बँक पासबुक व मेंढ्यांच्या बिल्ल्यांची यादी यांच्या प्रती वाड्यावर नेहमी सोबत ठेवाव्यात.

लांडग्याची सवय बिबट्याहून वेगळी आहे. तो मोकळ्या माळावर, बऱ्याचदा सकाळी किंवा दिवस कलताना, मागे रेंगाळलेले कोकरू किंवा लंगडी मेंढी हेरतो. थंडीत त्यांची पिले होतात आणि त्या दिवसांत एकाच टापूत पुन्हा पुन्हा नुकसान होते. अशा वेळी तो टापू काही आठवडे सोडून चरणे आणि कोकरांना वाड्यावरच ठेवणे हे उपाय आपल्या वडीलधाऱ्यांना माहीत आहेतच. गुहेत धूर करून पिले मारण्याची जुनी रीत मात्र आता गंभीर गुन्हा आहे. लांडगाही पहिल्या अनुसूचीतच आहे.

प्रश्न : जंगलालगतच्या पडीत जागेत चरणारा आमचा बैल वाघाने मारला. पंचनामा झाल्यावर गावकरी म्हणतात बैल उचलून टाका, वनरक्षक म्हणतात राहू द्या. कोणाचे ऐकावे? (ब्रह्मपुरी तालुका, जि. चंद्रपूर)

उत्तर : वस्तीपासून दूर, जंगलाच्या कडेला मारलेला बैल जागेवर राहू द्यावा. वाघ एका शिकारीवर दोन-तीन दिवस परत येतो. ती उचलून नेली तर त्याला दुसरी शिकार करावी लागते, आणि ती बहुधा त्याच कळपातली असते. मात्र बैल घराजवळ, पाणवठ्यावर किंवा रस्त्याच्या कडेला पडला असेल तर वन विभागाला सांगून तो हलवून घ्यावा, आणि तो तेथे आहे तोपर्यंत त्या बाजूला कोणी गवताला, मोहाला किंवा काड्यांना जाऊ नये.

राज्यातल्या वाघांची संख्या २०२२ च्या गणनेत ४४४ होती आणि त्यांतले बरेच आपल्या जिल्ह्यात, व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरही राहतात. त्यामुळे चराईची शिस्त हाच उपाय उरतो : एक गुराखी आणि पन्नास जनावरे असे न करता दोघांनी मिळून जनावरे नेणे, नाल्यातली झुडपे टाळणे, दिवस मावळण्यापूर्वी परतणे. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात बेकायदा चरताना मारलेल्या जनावराची भरपाई मिळत नाही, म्हणून पंचनाम्यात जागेचा गट क्रमांक किंवा कक्ष क्रमांक अचूक लिहिला गेला आहे ना, हे पाहावे.

आपल्या पत्राच्या शेवटी ‘काही जण औषध टाकण्याचे बोलतात’ असे एक वाक्य आहे. शिकारीवर कीटकनाशक टाकल्यास वाघ मरतोच, शिवाय गावची कुत्री, कोल्हे आणि गिधाडेही मरतात. पहिल्या अनुसूचीतील प्राणी मारल्यास तीन ते सात वर्षांची कैद आहे. कुंपणात थेट वीज सोडणाऱ्यांनाही हेच लागू होते, आणि त्या तारांना चिकटून माणसे मेल्याच्या घटना आपल्या जिल्ह्यात नव्या नाहीत. सौर कुंपणाचा झटका क्षणिक असतो, तो मारत नाही, आणि वनालगतच्या गावांना त्यासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळते.

प्रश्न : ऊसतोडीत बिबट्याचे तीन बछडे सापडले. टोळीने ते घरी आणले आणि नंतर वन विभागाला दिले. मादी गावात येऊन जनावरे मारेल अशी भीती आहे. (जुन्नर तालुका, जि. पुणे)

उत्तर : बछडे उचलून आणायला नको होते, परंतु ते वन विभागाकडे दिले हे योग्य झाले. मादी शिकारीसाठी किंवा माणसांच्या गोंगाटाने बाजूला गेलेली असते, बछडे टाकून गेलेली नसते. वन विभाग अशा बछड्यांची तपासणी करून त्यांना त्याच सायंकाळी, त्याच सरीत, उघड्या खोक्यात ठेवतो, आणि मादी रात्री येऊन त्यांना एकेक करून नेते. जुन्नर परिसरात हे अनेकदा यशस्वी झाले आहे. तेवढी रात्र त्या शेतात तोड बंद ठेवावी, बघ्यांना येऊ देऊ नये आणि आजूबाजूच्या वस्त्यांनी जनावरे आत घ्यावीत. पुढच्या वेळी बछडे दिसताच हात न लावता टोळी मागे घ्यावी आणि १९२६ वर कळवावे.

प्रश्न : मांसाहारी प्राणी पिकांचेही नुकसान करतात का? आमच्या कलिंगडांना आणि मक्याला रात्री तोंड लागते. (फलटण तालुका, जि. सातारा)

उत्तर : कोल्हा करतो. तो मिश्राहारी असून कलिंगड, मका, बोरे आणि ऊसही खातो. विदर्भात अस्वल मका खाते. मात्र पिकांच्या भरपाईच्या निर्णयांत रानडुक्कर, हरणे, गवा, रोही, माकड, हत्ती अशा प्राण्यांची नावे येतात, आणि रात्रीत निम्मे शेत लोळवले गेले असेल तर तेही बहुधा रानडुकराचेच काम असते. कणीस अर्धवट चावून सोडले असेल आणि ताटे उभी असतील तर कोल्हा, ताटे आडवी पडून माती उकरलेली असेल तर डुक्कर. सकाळी ठसे पाहून खात्री करावी आणि डुक्कर असल्यास त्याच दिवशी अर्ज द्यावा.